मागच्या दांडीवरचे तीन पट्टे

॥ श्री मन्मथ स्वामी प्रसन्न ॥

आष्टी,
मंगळवार, ३ डिसेंबर १९९६

ती. स्व. केदारदादास,

वर्षाचे शरणार्थ. आप्पांच्या पायावर माझं डोकं ठेव.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. मी बरी आहे. कोपराला खरचटलं होतं, त्यावर खपली धरलीय. सासूबाईंच्या कमरेला मुका मार लागलाय, त्या दिवसातून तीनदा विटेनं शेकून घेतात आणि वीट मीच तापवते. तुझ्या रविदाजींना ओरखडासुद्धा नाही. काल त्यांनी नवीन शर्ट शिवायला टाकला.

केजला थंडी पडली का? इथं हरभरा बरा आहे म्हणतात. घरावर केबलची तार आली, त्यामुळं आता दिवसभर बैठकीत हिंदी गाणी चालू असतात. दारात भेटायला आलेली माणसं चपला काढता काढता आधी टीव्हीकडं बघतात आणि मग आमच्याकडं.

आप्पांना दिसत नाही म्हणून माझी पत्रं तूच त्यांना वाचून दाखवतोस. त्यासाठी सांगते, पुढचे चार शब्द आप्पांसाठी आहेत, ते मोठ्यानं वाच. मग मी रेघ मारलीय. रेघेच्या खालचं तू दुकानात बसून एकट्यानं वाच.

आप्पा, तुम्ही एकवेळ जेवता आणि तेही अर्धी भाकरी, असं दादानं कळवलं. 'मी दिलेल्या गाडीनं एका बाईचा पाय गेला' असं म्हणत बसता म्हणे. आप्पा, गाडीत काही खोट नव्हती. तुम्ही सगळ्या गाड्यांच्या दारांवर कान लावून, बॉनेटवर हात फिरवून निवडलेली गाडी होती ती. लग्नानंतर पाच महिने तिनं एकदाही दगा दिला नाही. इथं कोण काय बोलतं ते तुमच्या कानावर घातलं जात असेल. त्याकडं लक्ष देऊ नका. जेवत जा. माझी शपथ आहे.

———————

दादा, आता तू.

मला या घराचा वीट आलाय. राग नव्हे, राग आला तर बरं वाटलं असतं. ताटात केस निघाल्यावर जसं होतं ना, घास गिळवत नाही आणि थुंकायला जागा नाही, तसं सकाळी उठल्यापासून होतं. अपघात होऊन आठवडा झाला. रोज माणसं येतात. पोहे, चहा, सुपारी. मामंजी, आष्टीच्या मोंढ्यातलं बडं प्रस्थ, लोडाला टेकून प्रत्येकाला तेच सांगतात, "काय सांगावं, व्याह्यानं गाडीच तसली गळ्यात मारली. देवानं आमची माणसं वाचवली, पुरे." आलेला मान डोलावतो, पोह्यावर शेव मागून घेतो. छबुबाईचं नाव या बैठकीत अजून एकानंही काढलं नाही.

छबुबाई म्हणजे जिचा पाय गेला ती. तुला तिचं नाव माहीत नसेल, कारण इथून गेलेल्या फोनवर तिला "ऊसतोडीची एक बाई" म्हटलं होतं. बीडच्या दवाखान्यात आहे. इथल्याच आष्टी तालुक्यातली. नवरा-बायको मिळून एक कोयता, हे तुला ठाऊक आहे. आता तिचा नवरा अर्धा कोयता झालाय. मुकादम बाकीची टोळी घेऊन कारखान्यावर गेला आणि हा माणूस दवाखान्याच्या पायरीवर बसून आहे.

कसं झालं ते तुला नीट कुणी सांगितलं नसणार. पुनवेची गर्दी ओसरल्यावर आम्ही कपिलधारला गेलो होतो. मन्मथ माउलींचं दर्शन झालं, परत निघालो. मी आणि सासूबाई मागं. पुढं दोघं, हे आणि ड्रायव्हर भगवानराव. मी त्यांना भगवानमामा म्हणते, घरातले नुसतं भगवान म्हणतात. त्यांच्या मांडीवर प्रसादाची पिशवी होती.

वाचलंस ना? मांडीवर. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाच्या मांडीवर कुणी प्रसादाची पिशवी ठेवत नाही.

गाडी हेच चालवत होते. दिवाळीला केजहून परतल्यापासून हे भगवानमामांना गाडीला हात लावू देत नाहीत. त्याआधी हे बीडच्या अमरसिंहांच्या नादी लागलेले. पुढाऱ्याचे चिरंजीव, दारात दोन जीपा. त्यांनी कुठंतरी चारचौघांत म्हटलं, "रविशेठ, तुमची गाडी बायकी हाय. प्रत्येक वळणाला मुजरा करते." झालं. हे घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत. सासऱ्याच्या गाडीनं वळणावर अंग टाकायचं नाही, एवढाच यांच्या आयुष्याचा प्रश्न होऊन बसला. केबलवर परदेशातल्या गाड्यांच्या शर्यती लागतात, त्या बघून हे मला सांगत होते की मर्दाची गाडी सपाट वळते. मी कणीक मळत होते. म्हटलं, असेल.

तर कपिलधारचा रस्ता सोडून मोठ्या रस्त्याला लागलो. उतार होता आणि पुढं डावीकडं वळण. यांनी आरशात माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बघ आता, तसूभर वाकत न्हाई." आणि खरंच वाकली नाही. गाडीनं तोंड असं झटकन आत घेतलं की मी दाराला धडकले. वळणाच्या बाहेरच्या अंगाला ऊसतोडीवाल्यांची एक बैलगाडी थांबली होती, बैल सोडलेले, नवरा चाकाची खीळ ठोकत होता आणि ती शेजारी बसून तंबाखू मळत होती. ती दिसली तसा यांनी घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, जीपवर सगळे उचलतात तसा. त्याबरोबर मागचं अंग रस्ता सोडून निघालं. पुढचं तोंड डावीकडंच, आणि आम्ही मागं बसलेल्या दोघी उजवीकडं त्या बैलगाडीवर जाऊन आदळलो. मग गाडी कुशीवर पडून चारीत गेली.

मी काच फोडून निघाले. छबुबाई ओरडत होती. त्या वेळी तुझे दाजी काय करत होते, सांगू? केसांवरून कंगवा फिरवत होते. खोटं नाही सांगत. मग भगवानमामांचं मनगट धरून त्यांना ड्रायव्हरच्या दारापाशी उभं केलं आणि हळूच म्हणाले, "तू इथं ऱ्हा." सासूबाई चारीत बसून रडत होत्या की प्रसाद सांडला. आमच्याकडं एकच पाण्याची बाटली होती, त्यातलं पाणी आधी यांना दिलं गेलं. ते यांनी पिऊन उरलेल्या पाण्यानं चूळ भरली.

तेव्हापासून मला यांच्या ताटाला हात लावताना शिसारी येते.

मामंजींचा न्याय ऐक. म्हणतात, "लायसन भगवानचं हाय, गाडी चालवणं भगवानचं काम हाय, मग चालवत बी त्योच होता." तुझ्या दाजींना पुढच्या वर्षी बाजार समितीला उभं राहायचंय, नावावर केस नको. भगवानमामांनीही मान डोलावली आणि फौजदारांना तसाच जबाब दिला. मी त्यांना गाठून विचारलं, तर मलाच समजावतात, "वैनी, तुमी कावून जीव जाळून घेता? माझ्या बापानं बी हितलंच मीठ खाल्लंय. चार दिसांनी मिटंल समदं." मला त्यांचासुद्धा राग आला. कुणाच्या मिठाचं एवढं ओझं वाहू नये.

आणि आता नवीनच. भगवानमामांनी जबाब फिरवला तर काय, म्हणून येत्या सोमवारी मठाच्या स्वामींना बोलावलंय. सगळ्यांनी देवघरात बसायचं, गळ्यातलं इष्टलिंग सोडून तळहातावर घ्यायचं आणि स्वामींसमोर म्हणायचं की भगवान चालवत होता. म्हणजे पुढं घरातलं कुणी फुटायला नको. फुटणारं घरात दुसरं कोण आहे, मीच. सासूबाई मला म्हणाल्या, "एका वाक्यानं लिंग झिजत न्हाई, बाई." शिवम्मा नाव आहे त्यांचं.

मी काय म्हणणार आहे ते मी अजून ठरवलेलं नाही असं इथं सगळ्यांना वाटू देतेय.

दादा, एक विचारायचं होतं. गाडी कुशीवर पडली होती तेव्हा तिचं पोट माझ्यासमोर होतं. गाड्यांच्या सामानाच्या दुकानदाराची पोर मी, नजर जायचीच. दिवाळीच्या पाडव्याला, मी माजघरात अनारसे तळत होते तेव्हा, दुकानामागच्या शेडमध्ये सकाळपासून ठोकाठोक चालली होती. यांची गाडी जॅकवर होती, हे मी न्हाणीकडं जाताना पाहिलं. तुम्ही मागच्या अंगाला काय बसवत होता?

एवढंच कळव. मला तुझ्याकडूनच ऐकायचंय.

तुझीच,
वर्षा


बीड,
बुधवार, ११ डिसेंबर १९९६

केदारनाथ,

या पत्रात रेघ नाही. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत आप्पांना वाचून दाखव.

तुझं उत्तर मिळालं. "मडगार्डाचा पत्रा खडखडत होता, तो ठोकून दिला, बाकी काही नाही. तू मोठ्यांचं ऐक, संसार मोडण्याएवढी ही गोष्ट नाही. आप्पांची तब्येत नाजूक आहे, त्यांना यात ओढू नकोस." तुझं अक्षर नेहमीसारखंच सुरेख आहे.

आप्पा, आता मी तुमच्याशी बोलते. दादा वाचेल.

तुम्हीच मला गल्ल्यावर बसवून शिकवलं होतं. मी दहावीत होते. बॅलन्स रॉड माझ्या हातात दिला होतात, दोन्ही टोकं वाकडी असलेली दांडी. म्हणालात, दोन्ही टोकं एकदम वर कर. केली. मुकाट्यानं फिरली. मग म्हणालात, आता एक वर कर आणि एक खाली. होईना. दांडी पिळा खाऊन अडून बसली. तुम्ही म्हणालात, "हेच तिचं काम. गाडी वळणावर एका अंगाला झुकायला लागली की ही दोन्ही चाकांना धरून ठेवते. पण पोरी, धरायचं कुठं आणि किती, हे गाडी बघून ठरवावं लागतं."

आणि पुढचंही मला पाठ आहे. जीपला मागची चाकं ढकलतात, या नव्या गाड्यांना पुढची चाकं ओढतात. इंजिन पुढं, ओढणं पुढं, वळणंही पुढंच, म्हणून मागचं अंग हलकं. अशी गाडी जोरात वळवली तर तिचं तोंड आपसूक बाहेर बाहेर जातं, माणूस घाबरून पाय उचलतो आणि ती परत आत येते. घाबरलेल्या माणसाला सांभाळून घेईल अशीच ती बनवलेली असते. पुढची दांडी जाड केली तर ती जास्तच आडमुठी होते, वळायलाच नको म्हणते. मागं बेताची दांडी घातली तर तोंड छान वळवते, झुकतही नाही. पण मागं जीपची जाडजूड दांडी घातलीत तर वळणावर आतलं मागचं चाक जमीन सोडतं, सगळा भार एकट्या बाहेरच्या चाकावर येतो, आणि त्याच क्षणी पाय उचलला की भार पुढं पळतो आणि मागचं अंग सुटतं. "नाक आत घेईल पण ढुंगण सोडंल," असं तुम्ही म्हणाला होतात आणि आई तुम्हाला पोरीसमोर काय बोलता म्हणून रागावली होती. दादा तेव्हा माझ्या शेजारीच बसला होता. त्याला हे सगळं माझ्याआधीपासून येतं.

आप्पा, तुमच्या गाडीखाली मागच्या बाजूला जीपची दांडी होती. कापून, वाकवून, नव्या पट्ट्यांनी बसवलेली. आणि तिच्यावर तीन पांढरे पट्टे होते.

तुमचे पट्टे. जड माल दुकानातून निघताना तुम्ही रंगाच्या डब्यात तीन बोटं बुडवून ओढता ते. कपाळावर भस्म ओढता तसे आडवे. डोळे गेल्यावरही तुम्ही ते सोडलं नाही, माल हातात घेता, चाचपता, गिऱ्हाइकाला विचारता "कुठल्या गाडीची?" आणि उत्तर मिळाल्यावरच बोटं रंगात घालता. मी चारीत उभी होते, ती बाई ओरडत होती आणि माझ्यासमोर चिखलात तुमची तीन बोटं होती. मला वाटलं, आप्पांनी कसं दिलं हे? मग आठवलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी चहा घेऊन दुकानात आले होते. तुमच्या हातात ती दांडी होती. तुम्ही विचारलंत, "कुठल्या गाडीची?" आणि दादा म्हणाला, "युसूफ वडगावच्या एका जीपची आहे, आप्पा." तुम्ही म्हणालात, "मग ठीक आहे," आणि बोटं ओढलीत. मी चहा ठेवून गेले. जीपची म्हटल्यावर मला काय कळणार.

दादा, इथं थांबू नकोस. वाच.

तू असं का केलंस हे मला कळतं, आणि त्याचीच मला किळस येते. दिवाळसणाला आलेल्या जावयानं तोंडानं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही, ही आपल्याकडची रीत. त्यानं अंगठी मागितली असती तरी तू दिली असतीस, त्यानं दांडी मागितली. मागच्या अंगाला घालायची बेताची दांडी दुकानात नव्हती. "नाही" हा शब्द जिभेवर येईना म्हणून तू जीपची कापलीस. बहिणीला त्याच गाडीत मागं बसायचं होतं, तरी कापलीस. जावयाला नाही म्हणायला लाज वाटली आणि आंधळ्या बापाला फसवायला वाटली नाही. मग बाई लंगडी झाली, एक माणूस दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेऊन बसला, इकडं आप्पा माझ्याच गाडीनं घात केला म्हणून भाकरी सोडून बसले आणि तू रोज त्यांच्यासमोर ताट वाढत राहिलास. एकदा तरी म्हणायचं होतंस, आप्पा, गाडी चांगली होती. मला वाटायचं, ही घाण सगळी सासरी आहे आणि मी रेघ मारून तिला तुझ्यापासून दूर ठेवतेय. रेघेच्या दोन्हीकडं सारखीच होती.

आता इथलं सांगते. सोमवारी स्वामी आले. कॉफी झाली. देवघरात सगळे ओळीनं बसले. मामंजींनी लिंग तळहातावर घेतलं आणि म्हणाले, भगवान चालवत होता. सासूबाईही तेच म्हणाल्या, रविही तेच म्हणाला. म्हणताना तो घड्याळाकडं बघत होता. माझी पाळी आली. आप्पा, दीक्षेच्या दिवशी तुम्हीच माझ्या तळहाताखाली हात धरला होता. मी लिंग हातावर घेतलं आणि म्हटलं, "गाडी रवि चालवत होते. भगवानमामांच्या मांडीवर प्रसादाची पिशवी होती."

स्वामींनी खाली बघितलं. मग ते म्हणाले, "सूनबाईंना अजून धक्का आहे." आणि सगळ्यांनी सुटल्यासारखं "होय होय" केलं. सासूबाईंनी माझ्या तोंडात खडीसाखर घातली. मी ती तिथंच देवघराच्या उंबऱ्यावर थुंकले. तेवढं मात्र त्यांना खरं वाटलं.

मंगळवारी सकाळच्या एस.टी.नं मी बीडला आले. गीताबाईंकडं उतरलेय, आपल्या केजच्या शाळेतल्या गणिताच्या बाई, आता इथं असतात. त्यांनी आधी जेवायला वाढलं. मग आम्ही दोघी पोलीस ठाण्यात जाऊन आलो. कोण चालवत होतं ते मी फौजदारांना लिहून दिलं. दांडीचंही सांगितलं. गाडी तिथंच आवारात आहे. त्यांनी मिस्त्री बोलावून ती दांडी काढून घेतली, मी समोर उभी होते. पट्टे अजून तसेच आहेत. हे कुणाचे म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या वडिलांचे, पण त्यांना जीपची म्हणून सांगितलं होतं. कुणी सांगितलं, असं विचारलं. दादा, मी तुझं नाव सांगितलं.

सोमवारपासून भगवानमामा माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना वाटतं मी त्यांचं इमान बाटवलं. छबुबाईला भेटले. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तुमी त्या गाडीतल्या का?" मी हो म्हटलं. तिनं तोंड भिंतीकडं केलं. बरोबर केलं तिनं. मी उद्या पुन्हा जाणार आहे.

आष्टीला मी परत जाणार नाही. रविच्या हातात पाण्याचा पेला देणं आता मला जमणार नाही. केजला येईन, आप्पा, पण तुम्ही बोलावलं तर. दादानं बोलावलं तर नाही.

केदारनाथ, हे पत्र तू वाचून दाखवलंस की नाही, हे मला आल्यावर कळेलच. आप्पांना मी पहिलं तेच विचारणार. मधला एखादा परिच्छेद गाळावासा वाटेल, गाळू नकोस. जीपचा उल्लेख येईल तिथं तुझा आवाज बसेल आणि आप्पा हात पुढं करून विचारतील, "कुठल्या गाडीची?"

या वेळी खरं सांग.

शिवलिंगप्पांची मुलगी,
वर्षाराणी